सलून किंवा ब्यूटी पार्लर सुरू करताना : महाराष्ट्रात कोणती कागदपत्रे लागतात आणि ती कोणत्या क्रमाने काढावीत

महाराष्ट्रात केस कापण्यासाठी, दाढी करण्यासाठी, थ्रेडिंग किंवा फेशियल करण्यासाठी व्यक्तीला म्हणून कोणताही सरकारी परवाना लागत नाही. डॉक्टर, वकील, परिचारिका किंवा औषधविक्रेते यांची जशी वैधानिक परिषद असते आणि त्या परिषदेत नाव नोंदवल्याशिवाय त्यांना व्यवसाय करता येत नाही, तशी केशकर्तनकारांची किंवा ब्यूटिशियनची परिषद आपल्या देशात नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शेकडो तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा यांशिवाय ग्राहकाच्या केसाला कात्री लावता येत नाही; आपल्याकडे मात्र सर्व नोंदण्या दुकानाच्या, मालकाच्या आणि उलाढालीच्या असतात, आणि काम करणाऱ्याच्या कौशल्याबद्दल त्यांपैकी एकही नोंदणी प्रश्न विचारत नाही.

या स्थितीचा सोयीस्कर अर्थ अनेक जण असा काढतात की गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालील दुकानाचा कागद, काढला की सगळे संपले. प्रत्यक्षात त्याचे दोन परिणाम होतात. एक, वेगवेगळ्या कार्यालयांची कागदपत्रे मालकाला स्वतःच योग्य क्रमाने जमवावी लागतात, कारण सर्व काही एका खिडकीवर देणारे कार्यालय या व्यवसायासाठी नाही. दोन, कौशल्य तपासणारी यंत्रणा नसल्यामुळे ग्राहकाला इजा झाली, तर आपण शिकलेले आहोत आणि योग्य काळजी घेतली होती हे दाखवण्याचे ओझे व्यवहारात पार्लरचालकावरच येते. पहिले काम कंटाळवाणे असले तरी सोपे आहे. दुसऱ्याकडे दुर्लक्ष होते, म्हणून या लेखात त्याला अधिक जागा दिली आहे.

आधी जागा, मग अर्ज

बहुतेकांचा क्रम इथेच चुकतो. गाळा पसंत पडतो, डिपॉझिट दिले जाते, आरसे आणि खुर्च्या बसतात, आणि मग अर्ज भरताना लक्षात येते की भाडेकरारात वापराचा उद्देश ‘किराणा दुकान’ किंवा ‘कार्यालय’ असा लिहिलेला आहे. त्यामुळे करार करतानाच ‘केशकर्तनालय’ किंवा ‘ब्यूटी पार्लर’ हा उद्देश स्पष्ट लिहून घ्यावा. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा, अशी सक्ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे. नोटरी केलेला कागद त्या जागी चालत नाही, आणि वाद झाल्यास त्याचा तोटा मुख्यतः जागामालकालाच होत असला तरी नोंदणी आणि कर्जासाठी लागणारा पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करार आपल्याच उपयोगी पडतो. गाळ्यात पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याचा मार्ग आहे का, हे करारापूर्वी पाहावे. हेअर स्पा आणि पेडिक्युअर बादलीच्या भरवशावर चालत नाहीत, आणि आरोग्य खात्याचा निरीक्षक आला तर त्याची नजर पहिल्यांदा मोरीकडेच जाते.

घरातच पार्लर चालवणाऱ्या महिलांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. फ्लॅटमधल्या एका खोलीत काम सुरू करण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेचे लेखी ना हरकत पत्र घ्यावे. अध्यक्षांनी जिन्यात दिलेली तोंडी संमती पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकते. विजेच्या बाबतीत एक उपयुक्त तरतूद अनेकांना ठाऊक नसते. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागात दुकान, कार्यशाळा किंवा कार्यालय चालवणाऱ्या छोट्या ग्राहकांना घरगुती दरच लागू राहतो, मात्र एकूण वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांच्या आत असला पाहिजे. वातानुकूलन यंत्र, गिझर, स्टीमर आणि हेअर ड्रायर एकत्र आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मर्यादेबाहेर जाऊनही घरगुती मीटरवरच काम चालू ठेवले, तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि त्या काळाची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. म्हणून पहिल्या काही महिन्यांची बिले पाहून वेळेत व्यापारी वर्गवारीसाठी अर्ज करणे स्वस्त पडते.

गुमास्ता : सूचना आणि नोंदणी यांतील फरक

‘गुमास्ता’ हा शब्द जुन्या कायद्याच्या काळापासून रूढ आहे. आजचा कायदा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा असून तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. या कायद्याने आस्थापनांचे दोन गट केले. मूळ तरतुदीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाने व्यवसाय सुरू झाल्यापासून ६० दिवसांच्या आत केवळ ऑनलाइन सूचना द्यायची असते, तर दहा किंवा अधिक कामगार असल्यास त्याच मुदतीत रीतसर नोंदणी करावी लागते. ही मर्यादा वीस कामगारांपर्यंत नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, त्यामुळे दहा ते एकोणीस कामगार असलेल्या मोठ्या सलूनने अर्जाच्या दिवशी पोर्टलवरील मर्यादा पाहूनच गट निवडावा. एक-दोन खुर्च्यांचे सलून किंवा घरगुती पार्लर कोणत्याही हिशेबाने पहिल्याच गटात येते.

सूचना ‘नमुना फ’ म्हणजे इंग्रजी एफ क्रमांकाच्या अर्जात दिली जाते आणि तिची पोच ‘जी’ क्रमांकाच्या नमुन्यात मिळते. सायबर कॅफेत आणि बँकेत सगळे ज्याला ‘फॉर्म जी’ म्हणतात तो हाच कागद. मुंबईत हे काम महानगरपालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे आहे, तर राज्यात अन्यत्र कामगार आयुक्तालयाच्या अखत्यारीत ते येते. अर्ज दोन्हीकडे ऑनलाइनच भरायचा असतो. आधार कार्ड, छायाचित्र, स्वाक्षरी, जागेचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि नामफलकासह दुकानाचे छायाचित्र एवढी कागदपत्रे हाताशी ठेवावीत. पोर्टलचे सेवाशुल्क नाममात्र आहे. एजंट त्याच कामासाठी हजार-दोन हजार रुपये घेतात, आणि घाईत असलेल्या माणसाला ते परवडतही असेल, पण स्वतःच्या मोबाइल क्रमांकाऐवजी एजंटचा क्रमांक अर्जात जाऊ देऊ नये, कारण पुढे पत्ता किंवा नाव बदलताना सारे संदेश त्याच क्रमांकावर जातात.

छायाचित्र काढण्यापूर्वी फलक तपासावा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगारांची संख्या कितीही कमी असली तरी प्रत्येक दुकानाच्या फलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव असणे बंधनकारक आहे, आणि मराठी अक्षरांचा आकार अन्य कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. ही सक्ती न्यायालयात आव्हानित झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना फलक बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी घेणाऱ्यांनी हा मुद्दा कंपनीच्या डिझाइन विभागाशी आधीच बोलून घ्यावा, कारण वरून आलेल्या तयार फलकात मराठी नाव बहुधा तळाच्या कोपऱ्यात दडवलेले असते.

फॉर्म जी म्हणजे दिलेल्या सूचनेची पोच आहे, हे विसरू नये. त्या कागदाने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, सोसायटीचा आक्षेप मिटत नाही आणि आरोग्यविषयक परवान्याची गरजही संपत नाही. तो फ्रेम करून आरशाशेजारी, संत सेना महाराजांच्या तसबिरीखाली लावण्याची पद्धत चांगली आहे. मात्र त्याच भिंतीवर पुढील कागदही लागतो.

महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत

मुंबईत केशकर्तनालयासाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ खालील परवाना लागतो आणि त्याचा विषय आरोग्य खात्याकडे असतो. राज्यातील अन्य महापालिकांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३७६ हा व्यवसाय परवान्याचा आधार आहे. कोणत्या व्यवसायाला किती शुल्क आणि नूतनीकरण कधी, हे त्या त्या महापालिकेच्या ठरावावर अवलंबून असते. त्यामुळे पुण्यातल्या ओळखीच्या पार्लरचे शुल्क नाशिकमध्ये गृहीत धरू नये. आपल्या प्रभाग कार्यालयात जाऊन परवाना विभाग आणि आरोग्य विभाग अशा दोन्ही टेबलांवर विचारणे हाच खात्रीचा मार्ग आहे, कारण एक टेबल दुसऱ्याच्या कागदाबद्दल क्वचितच सांगते. गावात ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्यावा लागतो. मालमत्ता कराची थकबाकी असेल तर तो दाखला अडतो, आणि गाळा भाड्याचा असल्यास थकबाकी मालकाची असूनही खोळंबा आपला होतो. करारापूर्वी घरपट्टीची शेवटची पावती मागण्याचे हेही एक कारण.

गोव्यात दुकान काढणाऱ्यांसाठी कायदा वेगळा, म्हणजे १९७३ चा दुकाने व आस्थापना अधिनियम आहे. महाराष्ट्रातील फॉर्म जी तिथे उपयोगाचा नाही.

व्यवसाय कर आणि जीएसटी

व्यवसाय कराचे दोन क्रमांक असतात आणि त्यांची सतत गल्लत होते. मालकाने स्वतःसाठी नावनोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यापोटी वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. दुसरा, नोंदणी क्रमांक, पगारातून कर कापणाऱ्या मालकासाठी असतो. पुरुष कर्मचाऱ्याचे मासिक वेतन ७,५०० रुपयांवर गेले की कपात सुरू होते, तर महिला कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. म्हणजे केवळ महिला कर्मचारी असलेल्या आणि त्यांना २५,००० रुपयांपर्यंतच वेतन देणाऱ्या पार्लरला दुसऱ्या क्रमांकाची गरज बहुधा पडत नाही, पहिल्याची मात्र पडते. सुरुवातीच्या वर्षी ही नोंदणी टाळणाऱ्यांना पुढे व्याज आणि दंडासह मागील वर्षांची आकारणी भरावी लागते, आणि ही गोष्ट बहुधा कर्ज काढण्याच्या वेळीच उघड होते.

वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यावर अनिवार्य होते. या उलाढालीत सेवेबरोबर विकलेले शाम्पू, सिरम आणि क्रीम यांची रक्कमही धरायची असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून, पार्लर, व्यायामशाळा यांसारख्या सेवांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, परंतु या ५ टक्क्यांसोबत खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ग्राहकाला ही बातमी स्वस्ताईची वाटली. चालकाचा हिशेब जरा वेगळा आहे. खुर्च्या, यंत्रे आणि गाळ्याचे भाडे यांवर भरलेला कर आता खर्चातच धरावा लागतो. शिवाय जागेचा मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू पार्लर नोंदणीकृत असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी गाळ्याच्या भाड्यावरील १८ टक्के कर पार्लरलाच भरावा लागतो. त्यामुळे उलाढाल मर्यादेच्या बरीच खाली असताना केवळ बिलावर क्रमांक दिसावा म्हणून स्वेच्छेने नोंदणी करणे माझ्या मते आतबट्ट्याचे आहे.

उद्यम आणि विश्वकर्मा

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती पूर्णपणे मोफत आहे, आधारवर आधारित आहे आणि सरकारी संकेतस्थळावर एका बैठकीत होते. शुल्क मागणारे कोणतेही संकेतस्थळ, त्यावर कितीही अशोकस्तंभ छापलेले असले तरी, सरकारी नव्हे. उद्यम हा व्यवसाय करण्याचा परवानाही नव्हे. मुद्रा योजनेसारख्या कर्जासाठी आणि सूक्ष्म उद्योगांच्या सवलतींसाठी तो ओळखीचा पुरावा आहे.

पारंपरिक न्हावी व्यावसायिकांसाठी याहून महत्त्वाची योजना म्हणजे १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना. तिच्यातील १८ व्यवसायांमध्ये केशकर्तनाचा समावेश आहे. अर्जदाराचे वय १८ पूर्ण असावे, तो स्वयंरोजगारित असावा आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. नावनोंदणी सामायिक सुविधा केंद्रात मोफत होते, मग ग्रामपंचायत किंवा नागरी स्वराज्य संस्थेकडून पडताळणी होते. मूलभूत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व त्याची परतफेड झाल्यावर २ लाख रुपयांपर्यंत तारणाविना कर्ज असे तिचे स्वरूप आहे. प्रशिक्षणानंतर मिळणारे प्रमाणपत्र मला पैशांइतकेच मोलाचे वाटते, कारण वडिलांकडून वस्तरा शिकलेल्या माणसाकडे त्याच्या कौशल्याचा हा बहुधा पहिलाच सरकारी कागद असतो.

कारागीर ठेवताना

सलूनमध्ये कारागीर बहुधा टक्केवारीवर काम करतात : दिवसाचा गल्ला मोजायचा, निम्मा किंवा ठरलेला हिस्सा कारागिराचा. या पद्धतीमुळे तो ‘कामगार’ ठरत नाही, असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. मोबदला घेऊन, मालकाच्या दुकानात, मालकाच्या वेळेप्रमाणे काम करणारा माणूस केवळ मोबदल्याची मोजणी वेगळी आहे म्हणून कायद्याबाहेर जात नाही. राज्याने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा त्याची महिन्याची मिळकत खाली जाऊ देऊ नये, आणि टक्केवारीचा रोजचा हिशेब दोघांच्या सह्यांसह वहीत ठेवावा. कारागीर सोडून जाताना होणारे बहुतेक तंटे या एका वहीने मिटतात. खुर्ची खरोखर स्वतंत्र व्यावसायिकाला भाड्याने दिली असेल, तर तसा लेखी करार करावा आणि त्याने स्वतःची सूचना व व्यवसाय कर स्वतंत्रपणे भरावा.

२०१७ च्या कायद्यानुसार दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते, मात्र कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुटी द्यावीच लागते. सोमवारी सलून बंद ठेवण्याची रूढी आजही अनेक ठिकाणी पाळली जाते. ती पाळावी की नाही हा आता मालकाचा आणि स्थानिक संघटनेचा प्रश्न आहे. चौदा वर्षांखालील मुलाला, मग तो पुतण्या असो की गावाकडून आलेला ओळखीचा मुलगा, कामाला ठेवणे गुन्हा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधासाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता भिंतीवर लावावा. वीस कर्मचाऱ्यांपासून भविष्य निर्वाह निधी लागू होतो. सुरक्षेसाठी कॅमेरे गल्ल्यापाशी आणि दाराशी लावावेत. वॅक्सिंगच्या किंवा कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा आढळला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली थेट फौजदारी प्रकरण होते. पार्लरमध्ये गाणी लावण्यासाठीही ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकांचे परवाने लागतात. छोट्या दुकानांकडे कुणी फिरकत नाही हे खरे असले तरी मॉलमधल्या सलूनला त्यांच्या नोटिसा येतात.

कौशल्याचा कागद कुठून मिळवावा

परवान्यासाठी प्रमाणपत्र लागत नसले तरी बँक, विमा कंपनी, मोठे सलून आणि परदेशी मालक हे सारे ते मागतात. सर्वांत भक्कम पर्याय शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम हा आहे. दहावी उत्तीर्ण उमेदवाराला तिथे प्रवेश मिळतो, शुल्क खासगी वर्गांच्या तुलनेत अगदी कमी असते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र देशभर चालते. दुसरा पर्याय महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचा. तिसरा मार्ग अनुभवी व्यक्तींसाठी आहे. वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना नव्याने वर्गात बसण्याची गरज नाही. पूर्वानुभवाच्या मान्यतेची सोय सौंदर्य व आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत आहे, ज्यात थोडक्या उजळणीनंतर प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते.

खासगी अकादमीत पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा : प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल? ‘आंतरराष्ट्रीय डिप्लोमा’ असे फलकावर लिहायला कोणाचीच हरकत नसते. राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने मान्य केलेली मूल्यांकन संस्था, राज्य मंडळ, किंवा झुरिक येथे मुख्यालय असलेल्या सिडेस्कोसारखी सौंदर्यक्षेत्रातील ओळखीची आंतरराष्ट्रीय संस्था प्रमाणपत्र देत असेल तर तिच्या यादीत त्या अकादमीचे नाव शोधावे. केवळ अकादमीच्याच संचालकांची सही असेल तर तो अभ्यासक्रम शिकण्यासाठी चांगला असू शकेल, पुराव्यासाठी नाही.

सौंदर्यसेवा कुठे संपते

परवान्यांबद्दल विचारणाऱ्यांपैकी फार थोडे जण या रेषेबद्दल विचारतात, आणि खरे फौजदारी संकट इथेच असते. पार्लरचा कोणताही परवाना त्वचेखाली सुई नेण्याचा अधिकार देत नाही. बोटॉक्स, फिलर, केसांसाठी किंवा चेहऱ्यासाठी पीआरपी (ग्राहकाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेटयुक्त द्रवाची इंजेक्शने), उजळपणासाठी ग्लुटाथिओनची इंजेक्शने आणि केशरोपण ही वैद्यकीय कामे आहेत. केशरोपण प्रशिक्षित डॉक्टरांनीच करावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ‘डॉक्टर शनिवारी येतात’ असा फलक लावून बाकीचे सहा दिवस तेच यंत्र आपल्या हाताने चालवणे हा मार्ग कुणी सुचवला तर तो नाकारावा.

गोऱ्या रंगाच्या क्रीमचा प्रश्न त्याहून घरगुती आणि म्हणून अधिक धोक्याचा आहे. स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे आहेत. २०१८ मध्ये अशी अनेक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली गेली. ती डबीतून काढून ‘आमचे स्पेशल क्रीम’ म्हणून देणे हा औषधविक्रीचा गुन्हा ठरतो. पाऱ्याबाबत सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० अगदी स्पष्ट आहेत : डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक चालत नाही. अकोल्यातील एका कुटुंबातील महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आणि त्यामागे स्थानिक ब्यूटिशियनने दिलेले, पारा असलेले क्रीम असल्याचे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत आढळले होते. क्रीम देणाऱ्या व्यक्तीला डबीत काय आहे हे बहुधा ठाऊकही नसते. आयात प्रसाधनावर आयात नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा भारतातील पत्ता छापलेला नसेल, तर घाऊक बाजारात ते कितीही स्वस्त मिळो, दुकानात आणू नये.

स्वतः बनवलेले उटणे, केसांचे तेल किंवा फेसपॅक बाटलीत भरून स्वतःच्या नावाने विकणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उत्पादन. ग्राहकाच्या चेहऱ्यावर त्याच वेळी मुलतानी माती कालवून लावणे वेगळे आणि लेबल चिकटवलेली डबी विकणे वेगळे. दुसऱ्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा प्रसाधन उत्पादनाचा परवाना लागतो. तयार प्रसाधने नुसती विकायला मात्र स्वतंत्र विक्री परवाना लागत नाही.

केसांच्या रंगातील पॅरा-फेनिलीनडायअमाइनमुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. अशा रंगाच्या वेष्टणावर आधी चाचणी घेण्याची आणि भुवया वा पापण्या न रंगवण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. म्हणजेच भुवया रंगवताना इजा झाली तर उत्पादक सहज हात वर करील आणि सूचना न वाचणारा पार्लरचालक एकटा उरेल. कानामागे थोडासा रंग लावून ४८ तास थांबायला किती ग्राहक तयार होतील, हा प्रश्न रास्त आहे. नियमित ग्राहकांना आदल्या भेटीतच चाचणी करून देण्याची सवय लावली तर हे जमते. यासाठी एक साधी वही पुरते : तारीख, ग्राहकाचे नाव, वापरलेल्या उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक, चाचणी केली का, पूर्वीची ॲलर्जी, आणि शेवटी ग्राहकाची सही. ग्राहक आयोगात तक्रार गेल्यास काळजी घेतल्याचा दुसरा लेखी पुरावा सहसा नसतो.

वस्तऱ्याच्या बाबतीत आपल्या कारागिरांची जुनी पद्धतच नियमाइतकी चोख आहे. नवे ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचे, अर्धे पाते ग्राहकासमोर वस्तऱ्याच्या खाचेत बसवायचे आणि उरलेले अर्धे कागदातच पुढच्या ग्राहकासाठी ठेवायचे. चूक होते ती नंतर : वापरलेले पाते केरात जाते आणि सकाळी कचरा वेचणाऱ्याच्या बोटात घुसते. झाकणाला फट पाडलेला जाड प्लॅस्टिकचा डबा त्यासाठी आरशाखाली असावा. क्युटिकल कापण्याची किंवा ब्लॅकहेड काढण्याची धातूची अवजारे साबणाने धुवून किमान वीस मिनिटे पाण्यात उकळावीत. नुसत्या निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवून ती निर्जंतुक होत नाहीत. करोनाच्या काळात २८ जून २०२० पासून महाराष्ट्रातील सलून पुन्हा उघडली तेव्हा प्रत्येक ग्राहकानंतर खुर्ची पुसण्याचे आणि वापरून टाकून देण्याच्या टॉवेलांचे नियम सरकारने घातले होते. ती सवय ज्यांनी सोडली नाही त्यांच्याकडे आजही लोक विश्वासाने जातात.

मालिश करताना मान कडकन मोडण्याची प्रथा मात्र कायमची बंद करावी. मानेतील रक्तवाहिनीला किंवा मज्जातंतूला त्यामुळे गंभीर इजा होऊ शकते, आणि असे घडल्यास ‘ग्राहकानेच सांगितले’ हा बचाव टिकत नाही. नवीन कारागिराला कामावर घेताना हे पहिल्याच दिवशी बजावावे.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

इथले प्रमाणपत्र घेऊन अमेरिकेत जाणाऱ्यांनी राज्य कोणते हे आधी पाहावे, कारण नियम राज्यागणिक बदलतात. कॅलिफोर्नियात कॉस्मेटॉलॉजीच्या परवान्यासाठी २०२२ पासून १,००० तासांचे प्रशिक्षण लागते, पूर्वी ते १,६०० तास होते. दोऱ्याने भुवया कोरण्याला मात्र त्या राज्यात परवान्यातून सूट आहे. टेक्सासमध्ये थ्रेडिंगसाठीही ७५० तासांच्या प्रशिक्षणाची अट होती. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘पटेल’ खटल्यात घटनाबाह्य ठरवली, आणि तो खटला थ्रेडिंग करणाऱ्या भारतीय वंशाच्या व्यावसायिकांनीच लढवला होता. राज्याची सूट मिळाली तरी काम करण्याची परवानगी देणारा व्हिसा वेगळा लागतो. पतीच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर घरातल्या घरात पैसे घेऊन थ्रेडिंग करणे हेदेखील नोकरीच समजले जाते. ब्रिटनमध्ये केशकर्तनकारांची १९६४ च्या कायद्याखालील नोंदणी ऐच्छिक आहे, पण लंडनच्या अनेक भागांत मालिश व तत्सम सेवांसाठी स्थानिक परिषदेचा परवाना घ्यावा लागतो.

या सर्व ठिकाणी प्रमाणपत्रापेक्षा तासांची नोंद अधिक विचारली जाते. म्हणून अभ्यासक्रम संपवताना प्रत्येक विषयाचे सैद्धान्तिक आणि प्रात्यक्षिक तास वेगवेगळे दाखवणारे, संस्थेच्या शिक्क्याचे विवरणपत्र इंग्रजीत मागून घ्यावे. खासगी अकादम्या बंद पडतात किंवा नाव बदलतात, आणि मग असे विवरणपत्र देणारे कोणी उरत नाही.